पडद्याच्या अलीकडची माणसं

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या ‘लव्हलेस’ या अल्बमच्या गुलाबी वेष्टनावर ध्वनिमुद्रण तंत्रज्ञांची जी यादी छापली आहे, ती मी कितीतरी वर्षं वाचत आलोय. रॉक बँडला सहसा एक तंत्रज्ञ पुरतो, फार तर दोन. इथे नावं संपता संपत नाहीत. त्या गर्दीत एक नाव अंजली दत्त. हा लेख खरं तर त्या नावापाशी थबकल्यामुळे सुरू झाला.

माय ब्लडी व्हॅलेंटाइनची जन्मकथा चाहत्यांना पाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. केव्हिन शील्ड्स जन्मला न्यूयॉर्कमध्ये, पण दहाव्या वर्षी आईवडिलांसोबत डब्लिनला आला. 1978 मध्ये दक्षिण डब्लिनमधल्या एका कराटे स्पर्धेत त्याची कॉलम ओ कीसोगशी ओळख झाली. एकाच्या हातात गिटार आली, दुसऱ्याच्या हातात ड्रमच्या काठ्या. 1983 मध्ये बँड उभा राहिला. डब्लिनमध्ये कोणी दाद देईना, म्हणून मंडळी हॉलंड आणि बर्लिन असं भटकून लंडनला पोचली. 1987 मध्ये गायिका-गिटारवादक बिलिंडा बुचर आली. बेसवर डेबी गूज आधीपासून होतीच. तोवर हा बँड गोड, चिवचिवाटी इंडी पॉप वाजवायचा. 1988 च्या ‘इझन्ट एनीथिंग’ या अल्बमने तो गोडवा गढूळ आणि खोल केला.

त्या गढूळपणाचं मूळ शील्ड्सच्या उजव्या हातात आहे. फेंडर जाझमास्टर गिटारला स्वर हलवणारा एक लोखंडी दांडा असतो. बाकीचे वादक तो अधूनमधून दाबतात. शील्ड्स तो मुठीत धरूनच तारा छेडतो. त्यामुळे प्रत्येक आघाताबरोबर सगळा कॉर्ड किंचित खाली घसरतो आणि वर येतो. सतारीची मींड एका स्वराला ओढून नेते, इथे सहाही तारा एकदम ओढल्या जातात. ऐकणाऱ्याला वाटतं, टेप खराब झाली. पहिल्यांदा ऐकणाऱ्या कितीतरी जणांना तसंच वाटलेलं आहे.

आता ‘लव्हलेस’. क्रिएशन रेकॉर्ड्स या लंडनच्या छोट्या कंपनीसाठी 1989 मध्ये काम सुरू झालं आणि 4 नोव्हेंबर 1991 ला अल्बम बाहेर आला. मधल्या काळात एकोणीस स्टुडिओ बदलले. शील्ड्सने पुढे सांगितलं, की बहुतेक तंत्रज्ञ स्टुडिओच्या भाड्याबरोबर आलेले होते आणि आपण जे करू ते त्यांना चुकीचंच वाटायचं. तरीही ज्यांनी नुसता चहा केला, त्यांचीही नावं यादीत घातली. यादीच्या लांबीचं रहस्य हे! अपवाद म्हणून त्याने ज्यांची नावं घेतली, ते दोघे म्हणजे अ‍ॅलन मोल्डर आणि अंजली दत्त.

1991 च्या मे-जूनमध्ये ब्रिटानिया रो आणि प्रोटोकॉल या स्टुडिओंमध्ये गाणाऱ्यांचे आवाज मुद्रित झाले. कंट्रोल रूम आणि गाण्याची खोली यांच्यामधल्या काचेवर शील्ड्स आणि बुचर यांनी पडदा लावला. गाणं चालू असताना तंत्रज्ञांनी ऐकायचंही नाही. गाय फिक्सन या तंत्रज्ञाने सांगितलंय, की टेपयंत्राच्या मीटरचा काटा हलतोय का, यावरून पलीकडे कोणी गातंय का ते ओळखायचं. काटा थांबला, की टेप मागे न्यायची. घेतलेला तुकडा पसंत पडला, की पडदा सरकायचा आणि आतून हात हलायचा. गाण्याचे शब्दही बऱ्याचदा तयार नसत. दत्त सांगतात, केव्हिन आधी गायचा. मग बिलिंडा ती टेप घेऊन बसायची आणि तो काय म्हणाला असावा असं तिला वाटे, ते शब्द लिहून काढायची.

मला हा तपशील साऱ्या दंतकथांपेक्षा मोलाचा वाटतो. या अल्बमचे शब्द कळत नाहीत, अशी तक्रार गेली तीन दशकं चालू आहे. इथे तर बुचरने स्वतः ते अंदाजाने टिपले होते! आणि ज्यांनी ते मुद्रित केले त्यांना ऐकायची मुभा नव्हती.

दंतकथा वेगळीच चालते. क्रिएशनचे मालक अ‍ॅलन मॅगी सांगत आले, की या अल्बमवर अडीच लाख पौंड गेले आणि कंपनी बुडायची वेळ आली. शील्ड्सला हा आकडा मान्य नाही. त्याच्या मते खर्च बराच कमी होता आणि त्यातलाही मोठा वाटा बँडचं पोट भरण्यात गेला. मला शील्ड्सचं म्हणणं अधिक पटतं, आणि त्याचं कारण ड्रममध्ये आहे. त्या काळात ओ कीसोग आजारी होता, डोक्यावर छप्पर नव्हतं. त्याला जे तुकडे वाजवता आले ते सॅम्पलरमध्ये भरून, जोडून बहुतेक गाण्यांचा ठेका बांधावा लागला. पूर्ण गाणं प्रत्यक्ष वाजवणं त्याला फक्त दोनदा जमलं. शिवाय ‘टच्ड’ हा मिनिटभराच्या आतला तुकडा त्याने एकट्याने रचला. ज्याच्या ड्रमरला राहायला खोली नाही, त्या बँडने उधळपट्टी केली असं म्हणणं अन्यायाचं आहे.

मॅगीने बँडला रजा दिली. 1992 मध्ये आयलंड रेकॉर्ड्सशी करार झाला, दक्षिण लंडनच्या स्ट्रेटममध्ये घरचा स्टुडिओ उभारला आणि त्याच्या यंत्रांनी पहिल्यापासून दगा दिला. पुढची वर्षं चटकन ओलांडावीत अशीच. गूजने स्नोपोनी हा बँड काढला, ओ कीसोग गायिका होप सँडोव्हालबरोबर वाजवू लागला, शील्ड्स प्रायमल स्क्रीम या बँडमध्ये रमला. 2008 मध्ये चौघे पुन्हा मंचावर आले.

जुन्या टेपांचं रीमास्टरिंग करताना शील्ड्सच्या कानावर 1996-97 चं अर्धवट काम पडलं आणि ते आठवणीतल्यापेक्षा चांगलं निघालं. तिथून ‘एमबीव्ही’ हा नवा अल्बम पुरा झाला, तोही सगळा टेपवर, संगणकाला हात न लावता. 27 जानेवारी 2013 ला ब्रिक्स्टनच्या कार्यक्रमात तो म्हणाला, दोन-तीन दिवसांत येईल बहुधा. 2 फेब्रुवारीच्या रात्री अल्बम बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आला आणि गर्दीने संकेतस्थळ कोसळलं.

नऊ गाणी, शेहेचाळीस मिनिटं. समीक्षकांनी त्याला ‘लव्हलेस’शेजारी उभं करून मोजलं, मला ते मोजमाप चुकीचं वाटतं. पहिली तीन गाणी जुन्या ओळखीची आहेत, मधल्या तिनांत कीबोर्ड आणि पॉपची चाल आहे, पण शेवटची तीन म्हणजे निव्वळ ठेका. ‘नथिंग इज’मध्ये एकच तुकडा गिरणीसारखा घुमत राहतो. ‘वंडर 2’मध्ये विमान धावपट्टी सोडतंय असा आवाज आणि खाली धावते ड्रम. ‘लव्हलेस’मध्ये ठेका सर्वांत मागे बसवला होता. इथे तो पुढे येऊन बसला आहे.

त्या वर्षी मर्क्युरी या ब्रिटिश संगीत पारितोषिकाच्या स्पर्धेत मात्र अल्बमला जागा नव्हती. रीतसर वितरण कंपनी असलीच पाहिजे, असा नियम होता. स्वतःच्या पैशाने केलेला आणि स्वतःच विकलेला अल्बम त्यात बसेना. शील्ड्सने वर्तमानपत्राच्या मुलाखतीत संताप व्यक्त केला आणि तो रास्त होता. कंपनीच्या पैशावर अल्बम केला तेव्हा कंपनी बुडवल्याचा ठपका आला आणि स्वतःच्या पैशावर केला तेव्हा पारितोषिकाचं दार बंद झालं.