वाट्याचे काम

जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे राज्य अस्तित्वात येऊन तो मान भोपाळास मिळाला, तेव्हा दफ्तरांच्या गठ्ठ्यांमागोमाग नागपूरकडची अनेक मराठी बिऱ्हाडेही येथे दाखल झाली. आमच्या जवाहर चौकाच्या आसपास, तात्या टोपे नगरातील सरकारी क्वार्टरांत, ज्यांनी संसार मांडले त्यांच्या घरी एक गोष्ट नकळत बदलली. वाड्यात आजी भाजी निवडावयास बसली की शेजारचे नातवंड आपोआप शेंगा सोलू लागे; आजी मागे राहिली, आणि कामासाठी हुकूम सोडण्याची पाळी एकट्या आईवर आली.

घरकामावरून मुलांशी जो तंटा माजतो, त्याचे मूळ कामात नसून या हुकमात आहे, असे माझे मत आहे. वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अवघ्या १८ महिन्यांची मुलेही, अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू कोणी न मागता उचलून देताना आढळली; आणि २००८ सालच्या त्यांच्या प्रयोगात मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुले पुढे कमी मदत करू लागली. म्हणजे प्रवृत्ती उपजतच असते. तगादा आणि आमिष या दोहोंनी आपणच ती मारतो. संध्याकाळी खेळ रंगात आला असता "आधी माठ भर" अशी खिडकीतून आलेली हाक मुलास अन्यायाची वाटते. माठ त्याचाच, तो खेळास जाण्यापूर्वी केव्हाही भरावा, असे सकाळीच त्याच्याशी ठरवले असेल, तर हाकेचे प्रयोजनच उरत नाही.

उन्हाळ्यातल्या वाळवणाचा दाखला मला फार मोलाचा वाटतो. अंगणात बाजेवर कुरडया पसरल्या की कावळ्यांपासून त्या राखण्याचे काम पोराकडे येई. त्याच्या हाती काठी, डोक्यावर ओला पंचा, पुढ्यात गव्हाच्या चिकाची वाटी, आणि दुपारभर त्या बाजेवर अंमल त्याचा एकट्याचा. या कामावरून भांडण झालेले मी पाहिले नाही, कारण ते संपूर्ण त्याच्या स्वाधीन केलेले असे. हाताजोगे साधनही हवेच. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले, तेव्हा तेथील मेज-खुर्च्याही मुलांच्या मापाच्या केल्या होत्या. आखूड दांड्याची केरसुणी आणि मोरीपाशी एक पाट, एवढी तजवीज कोणत्याही घरी होऊ शकते.

मुलग्यांस मात्र अजूनही सूट मिळते, आणि ताईने ताटे घासावीत, दादाने हात धुऊन उठावे, हा भेद मुलीच्या मनात रास्त तक्रार निर्माण करतो. साने गुरुजींच्या 'श्यामच्या आई'त आजारी आईच्या ऐवजी वडाला प्रदक्षिणा घालताना श्यामला लाज वाटते. ती लाज आईच काढून टाकते, आणि हे काम आजही आईबापांनीच करावयाचे आहे.

माझ्या हातून घडलेली चूक सांगते. मुलाने मोठ्या हौसेने घातलेल्या चादरीच्या घड्या मी त्याच्यादेखत मोडून पुन्हा घातल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याने चादरींना हात लावला नाही, आणि मी त्यास आळशी ठरवून कित्येक महिने त्याच्याशी वाद घालीत राहिले. कारण उमगल्यावर मी त्याची क्षमा मागितली. आता चादरी त्याच्याकडेच आहेत. घडीचे एक टोक बाहेर लोंबते, आणि मी ती तशीच पेटीवर ठेवते.