मीटरमागचा एलईडी: ऐकीव किती, खरं किती

ठाकुर्ली-डोंबिवलीकडे एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घातलेली प्रीमियर पद्मिनी दिसली तर नवल वाटायला नको. प्रीमियरचा एक कारखाना इथलाच, कल्याण-शीळ रस्त्यालगतचा. नव्वदच्या दशकात प्यूजो 309 तिथे तयार व्हायची, आणि प्रीमियर कॉलनी हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या आणि घरच्या पद्मिनीचं कौतुक आणखी वाढलं. रंग झाला, सीट शिवून झाल्या, की मालकाची नजर डॅशबोर्डकडे वळते. रात्री मीटरचा काटा दिसत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘एलईडी टाकून घ्या, दहा मिनिटांचं काम.’

काम दहा मिनिटांचंच असतं, पण त्याभोवतीच्या ऐकीव गोष्टी बऱ्याच आहेत.

पहिली म्हणजे, जुना बल्ब मुळातच मिणमिणता असतो. नाही. मीटरमागचा दोन-तीन वॅटचा बल्ब काटा दाखवायला पुरेसा असतो. तो मंद झाला तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. चाळीस-पन्नास पावसाळे खाल्लेल्या गाडीत होल्डरवर गंज चढतो, अर्थची वायर सैल होते. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ प्रमाणात उतरत नाही, धाडकन कोसळतो. 12 ऐवजी 10 व्होल्ट मिळाले तर उजेड जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून आधी मल्टीमीटर होल्डरवर लावा, पॉलिश पेपरने होल्डर घासा, अर्थ घट्ट करा. मीटरच्या डब्याचा आतला पांढरा रंग पिवळा पडला असेल तर तो नव्याने मारा. एवढ्यावर कित्येकांचं काम भागतं आणि एलईडीचे पैसे वाचतात.

तरीही एलईडी हवाच असेल, तर तो होल्डरमध्ये बसला म्हणजे पेटेलच असं नाही. एलईडी हा डायोड, एकाच दिशेने वीज सोडणारा. काचेच्या बुडाचा, म्हणजे कॅपलेस बल्ब उलटा बसला तर पेटत नाही. काढून अर्धा फिरवून बसवला की पेटतो. रेल्वेचं वीजघर पाहिलेल्या आणि दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत 1500 व्होल्ट डीसीच्या लोकल पाहिलेल्या ठाकुर्लीकरांना प्लस-मायनसचं महत्त्व मी काय सांगणार! पण पिनवाल्या बल्बला ही फिरवायची सोय नसते. त्याचं पत्र्याचं अंग मायनस आणि बुडाचा ठिपका प्लस असं धरूनच तो बनवलेला असतो. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या काही गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असतो, तिथे हा बल्ब पेटणारच नाही. त्यांच्यासाठी दोन्ही दिशांनी चालणारा एलईडी मागून घ्या. विलीजच्या जुन्या जीपसारखी 6 व्होल्टची गाडी असेल तर बाजारातला 12 व्होल्टचा माल तिथे कामाचा नाही.

‘जितका पांढरा, तितका चांगला’ हा समज सगळ्यात जास्त पसरलेला. फिलामेंट चारी बाजूंना उजेड फेकतो आणि जुन्या मीटरची रचना त्याच हिशोबाने केलेली असते. समोरच फेकणारा एलईडी लावला की 60 च्या आकड्याभोवती झगमगाट आणि 100 अंधारात, असं ध्यान तयार होतं. म्हणून बाजूंनीही चिप असलेला बल्ब घ्यावा. रंगाचंही तसंच. अनेक मीटरमध्ये बल्बपुढे हिरवी किंवा निळी फिल्म असते. फिल्म रंग घालत नाही, नको असलेले रंग अडवते. लाल एलईडी हिरव्या फिल्ममागे लावलात तर हाती अंधारच लागेल. पांढरा एलईडी खरं तर निळी चिप आणि तिच्यावरचा पिवळा लेप यांतून तयार होतो. त्यामुळे ‘कूल व्हाइट’ दिव्यात निळा जास्त असतो. तो अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना त्रास देतो आणि समोरचा रस्ता जास्तच काळा वाटू लागतो. पिवळसर ‘वॉर्म व्हाइट’ घ्या. मीटर मूळच्यासारखा दिसतो, आणि घाटात उतरताना डोळे शाबूत राहतात.

आता खरी गोम. मीटरमधले सगळे दिवे निव्वळ उजेडासाठी नसतात. चार्जिंगचा लाल दिवा त्यातला मुख्य, आणि याच दिव्यावर लोक हमखास फसतात. बहुतेक अल्टरनेटर स्वतःहून जागे होत नाहीत. चावी फिरवली की बॅटरीतून थोडी वीज या लाल दिव्यामार्फत अल्टरनेटरच्या फील्डकडे जाते, त्यातून चुंबकत्व येतं आणि चार्जिंग सुरू होतं. अडीच वॅटच्या बल्बमधून साधारण 0.2 अँपियर वाहतात. एलईडीमधून त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके. एवढ्याने अल्टरनेटर जागा होत नाही, किंवा गाडी जोरात रेस केल्यावरच होतो. मालक समजतो अल्टरनेटर गेला, गॅरेजवाला तो उतरवतो, कार्बन बदलतो, बिल करतो. दोष असतो दिव्याचा.

यावर उपाय आहे. एलईडीला समांतर 68 ओहमचा, 5 वॅटचा रेझिस्टर जोडला की वीज पुन्हा पुरेशी जाते. पण तो तापतो, तेव्हा प्लॅस्टिकपासून लांब बांधावा लागतो. माझं मत विचाराल तर एवढा एक बल्ब जुनाच राहू द्या. गाडी डायनॅमोची असेल तर हा प्रश्न येत नाही, कारण डायनॅमो स्वतःच्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर उठतो. तिथे गंमत वेगळी: व्होल्टेजमध्ये किरकोळ फरक पडला तरी एलईडी अंधुक पेटलेला राहतो आणि मालक उगाच कटआऊट बदलत बसतो.

इंडिकेटरच्या दिव्याबद्दल दोन समज एकमेकांत मिसळले आहेत. ‘डॅशबोर्डला एलईडी लावला की इंडिकेटर भराभर लुकलुकतो’ असं म्हणतात. ते होतं बाहेरचे 21 वॅटचे बल्ब बदलल्यावर, कारण जुना फ्लॅशर त्यांच्या भारावर चालतो. आतल्या एका छोट्या दिव्याने त्याला फरक पडत नाही. मात्र ज्या गाडीत डाव्या-उजव्या दोघांसाठी मीटरमध्ये एकच हिरवा दिवा आहे, तिथे तो अनेकदा दोन्ही बाजूंच्या वायरींमध्ये जोडलेला असतो. डावीकडे वळताना वीज एका दिशेने, उजवीकडे वळताना उलट. साधा एलईडी एकाच वळणाला पेटेल.

मीटरचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर नादुरुस्त झाल्याची तक्रारही अशीच. जुना डिमर म्हणजे साधा रेझिस्टर. पाच बल्ब मिळून सुमारे 0.9 अँपियर घेतात, तेव्हा तो पूर्ण फिरवला की भरपूर व्होल्टेज खातो. पाच एलईडी मिळून जेमतेम 0.1 अँपियर घेतात. 10 ओहमच्या डिमरवर त्यात एक व्होल्टच पडतो, तो डोळ्याला कळतही नाही. डिमर ठीक आहे, त्याला खायला काही मिळत नाही इतकंच. कायम झगझगाट नको असेल तर कमी उजेडाचेच बल्ब घ्या.

बॅटरी वाचते हेही खरं, पण हिशोब पाहा. वाचतात दहा वॅट. दोन हेडलाइट मिळून त्याच्या दहापट खातात. खरा फायदा उष्णतेचा आहे. जुनं, ठिसूळ झालेलं प्लॅस्टिक, मीटरमागची पातळ छापील सर्किटची पट्टी आणि आतली फिल्म एलईडीमुळे कमी तापतात आणि जास्त टिकतात. पेट्रोलचा काटा एलईडीमुळे चुकीचा दाखवायला लागला, असंही ऐकू येतं. काट्याची वायर वेगळी असते. बल्ब बदलताना मीटर बाहेर ओढला आणि अर्थची वायर निसटली, एवढंच झालेलं असतं.

स्वस्त एलईडी ‘आयुष्यभर’ चालत नाही, हेही सांगायला हवं. त्यात एखाद्या रेझिस्टरशिवाय काहीच संरक्षण नसतं. जुना रेग्युलेटर 15 व्होल्टच्या वर गेला की तो लवकर उडतो.

शेवटचा मुद्दा कागदपत्रांचा. केंद्राने जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली दुचाकी वा चारचाकी, मूळ रूपात असलेली आणि मोठे फेरफार न केलेली, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळू शकतो. पद्मिनी नावाची गाडी 1974 मधली, म्हणजे पहिल्या गाड्या आता या मर्यादेत आल्या. मीटरचे बल्ब म्हणजे मोठा फेरफार नव्हे. पण मूळ स्थितीवर गुण देणाऱ्या स्पर्धेत परीक्षक डॅशबोर्डही पाहतात. तेव्हा काढलेले बल्ब फेकू नका, पुडीत बांधून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. आणि नवे बसवल्यावर चावी फिरवून ऑइल आणि चार्जिंगचे लाल दिवे पेटतात का, ते इंजिन सुरू करण्याआधी बघा. उलटा बसलेला ऑइलचा एलईडी कधीच पेटत नाही, आणि ते कळतं तेव्हा इंजिन जाम झालेलं असतं.