साहेबांना नेमकं काय झालंय?

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार. नवरात्र सुरू होते. सकाळीच मोबाइलवर बातमी फिरू लागली की रतन टाटा यांना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल केले आहे, रक्तदाब खूप खाली आला आहे, अतिदक्षता विभागात ठेवले आहे. ऊर्जानगरच्या वसाहतीत अशी बातमी पोचायला वेळ लागत नाही. पाळी संपवून निघालेला आणि पाळीला निघालेला चहाच्या टपरीवर भेटतात तेवढ्यात ती पुढे सरकलेली असते. वसाहतीजवळ वाघ दिसला ही बातमी आणि कुणाला तरी दवाखान्यात नेले ही बातमी, या दोघींचा वेग सारखाच.

त्याच दिवशी टाटांच्या समाजमाध्यमावरील खात्यावर निवेदन आले. वय आणि वयासोबतच्या तक्रारींमुळे तपासण्या सुरू आहेत, काळजीचे कारण नाही, लोकांनी आणि माध्यमांनी चुकीची माहिती पसरवू नये, असा त्याचा आशय. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. बुधवारी, ९ ऑक्टोबरच्या रात्री टाटा गेले. वय ८६.

देश हळहळला, राज्याने शासकीय दुखवटा पाळला. पण हळहळीच्या पाठोपाठ दुसरी एक चर्चाही सुरू झाली. सोमवारी ‘काळजीचे कारण नाही’ आणि बुधवारी निधन? मग सोमवारचे निवेदन खोटे होते का? काय लपवले? नेमके झाले तरी काय होते? टपरीवर, पाळीच्या बसमध्ये, नातेवाइकांच्या ग्रुपवर प्रत्येकाकडे एक निदान तयार होते. यातल्या पहिल्या प्रश्नाला वैद्यकशास्त्राकडे उत्तर आहे, आणि ते टाटांच्या फाइलमध्ये न डोकावताही देता येते.

माणसाच्या प्रत्येक अवयवाकडे रोजच्या गरजेपेक्षा जास्तीची क्षमता असते. एक मूत्रपिंड दान करूनही माणूस ठणठणीत जगतो, तो या राखीव साठ्यावरच. वय वाढते तसा हा साठा आटत जातो. चाळिशीनंतर अनेकांच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटते. हृदय गरजेला जितक्या वेगाने धावू शकते तो वेगही कमी होतो, फुप्फुसांची लवचिकता जाते. बाहेरून काही कळत नाही. माणूस चालतो, बोलतो, हसतो. वीज केंद्राच्या गावाला हे समजावून सांगायला नको. चंद्रपूर केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॉट. मागणी कमी असताना एखादा संच ट्रिप झाला तर बाकीचे संच भार उचलतात, घरातला पंखासुद्धा मंदावत नाही. सगळे संच आधीच पूर्ण भारावर असतील आणि राखीव काहीच नसेल, तर तोच बिघाड अंधार करतो. ऐंशी पार केलेल्या शरीरात एखादा साधा जंतुसंसर्ग, रक्तदाबात आलेली घसरण किंवा हृदयाच्या ठोक्यांतली गडबड हे काम करू शकते, तेही एक-दोन दिवसांत. म्हणून सोमवारी रुग्ण आपल्या माणसांशी बोलत असणे आणि बुधवारी नसणे, यात विसंगती असेलच असे नाही. ज्यांच्या घरात वृद्ध आईवडील गेले आहेत, त्यांनी हे पाहिलेले असते.

रुग्णालयाच्या पत्रकातले ‘प्रकृती स्थिर’ हे शब्दही असेच गैरसमजाचे. नाडी, रक्तदाब, श्वास, रक्तातला ऑक्सिजन हे आकडे गेल्या काही तासांत फारसे बदललेले नाहीत, एवढाच त्यांचा अर्थ. व्हेंटिलेटरवरचा रुग्णही स्थिर असू शकतो. ‘स्थिर’ म्हणजे ‘सुधारतोय’ असे ऐकणाऱ्याला वाटते आणि पुढे वाईट बातमी आली की फसवले गेल्यासारखे वाटते. डॉक्टरांनी हा शब्द वापरताना त्याचा अर्थही सांगायला हवा, ही चूक मात्र डॉक्टरांच्या पदरात टाकायला हरकत नाही.

आता दुसरा प्रश्न. नेमके काय झाले होते, हे कळण्याचा लोकांना हक्क होता का?

डॉक्टरांपुरते उत्तर सोपे आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाकडून कळलेली गोष्ट डॉक्टरने बाहेर सांगायची नाही. न्यायालयाने आदेश दिला, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असला, किंवा आजार सरकारला कळवणे बंधनकारक असले, तरच अपवाद. जगभरातले डॉक्टर ज्या जिनिव्हा प्रतिज्ञेला मानतात, तिच्यानुसार हे बंधन रुग्ण गेल्यानंतरही सुटत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यात ‘मोठ्या माणसांना वगळून’ असे कुठे लिहिलेले नाही.

तरीही मोठ्या पदावरच्या माणसाची गोष्ट थोडी वेगळी असते, हे मान्य करावे लागेल. अॅपलचे स्टीव्ह जॉब्ज यांना २००३ मध्ये स्वादुपिंडाच्या एका दुर्मीळ प्रकारच्या गाठीचे निदान झाले. लोकांना ते कळले ऑगस्ट २००४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर. २००८ साली ते इतके वाळलेले दिसू लागले की फोटो पाहूनच लोक निदान करू लागले. त्या ऑक्टोबरात त्यांना हृदयविकाराचा झटका आल्याची खोटी बातमी इंटरनेटवर झळकली आणि कंपनीचा शेअर काही वेळ गडगडला. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी संप्रेरकांच्या असंतुलनाचे कारण सांगितले, नऊ दिवसांनी प्रकरण अधिक गुंतागुंतीचे असल्याचे सांगून रजा घेतली, आणि यकृताचे प्रत्यारोपण झाल्याचे उघड झाले ते जूनमध्ये. ज्यांनी आपली पुंजी त्या शेअरमध्ये ठेवली होती त्यांचे म्हणणे होते की, हा माणूस म्हणजेच कंपनी, मग आम्हाला कळायला नको? त्यांचे सगळेच चूक होते असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे धीरूभाई अंबानींना २४ जून २००२ ला पक्षाघाताचा झटका आला. ६ जुलैला ते जाईपर्यंत ब्रीच कँडीतून येणाऱ्या प्रत्येक शब्दाकडे भागधारकांचे कान लागलेले असत. त्याआधी १९८६ मध्येही त्यांना पक्षाघात झालेला होता, हे गुपित नव्हते. टाटांचे तसे नव्हते. टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून ते डिसेंबर २०१२ मध्ये निवृत्त झाले होते. २०१६-१७ मधले काही महिने सोडले, तर त्यांनी ते पद पुन्हा सांभाळले नाही. टाटा ट्रस्टचे अध्यक्षपद शेवटपर्यंत होते, पण त्यांच्या रक्तदाबावर कुणाची पुंजी टांगलेली नव्हती. उरले होते ते प्रेम. प्रेमापोटी विचारपूस करता येते. केस पेपर मागता येत नाही.

सगळ्यांत अवघड उदाहरण मनोहर पर्रीकरांचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईत रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा स्वादुपिंडाला सूज असल्याचे सांगितले गेले. मग अमेरिका, मग दिल्लीचे एम्स. गोव्याचा कारभार मुख्यमंत्र्यांच्या खाटेभोवती फिरत होता आणि आजाराचे नाव कुणी घेत नव्हते. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीच कर्करोग असल्याचे जाहीर केले. प्रकृतीची माहिती द्यावी म्हणून उच्च न्यायालयात याचिका झाली, सरकारने खासगीपणाच्या हक्काचा मुद्दा पुढे केला, याचिका फेटाळली गेली. डिसेंबरात नाकात नळी असलेले पर्रीकर पुलाच्या कामाची पाहणी करताना दिसले. निम्म्यांना त्यात जिद्द दिसली, निम्म्यांना आजारी माणसाचे हाल. १७ मार्च २०१९ ला ते गेले, वय ६३.

इथे जनतेचा एक प्रश्न रास्त होता: कारभार कोण पाहतो आहे, आणि मुख्यमंत्री काम करू शकतात का? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कोणत्या अवयवाला काय झाले हे सांगावे लागत नाही. कारखान्यातल्या माणसाला हे परिचयाचे आहे. रजेनंतर कामावर रुजू होताना ‘फिट’चा दाखला लागतो. त्यात कामास योग्य की अयोग्य एवढे लिहिलेले पुरते. गोव्यात तेवढेही सरळ सांगितले गेले नाही, म्हणून तर्कांना पीक आले.

पण मोठ्या माणसांची चर्चा सोयीची असते, कारण ते दूर असतात. ऊर्जानगरातल्या क्वार्टरमध्ये काय होते? आजाराचे नाव लिहिलेली वैद्यकीय बिलाची फाइल कुठल्याही मोठ्या आस्थापनेत टेबलामागून टेबल फिरते. प्रत्येक टेबलाला ते नाव वाचायची गरज असतेच असे नाही, पण वाचले जाते. सरकारी ओपीडीत एका टेबलाभोवती चार रुग्ण उभे असतात आणि पहिल्याची तक्रार चौथ्याला पाठ होते. रुग्णाचे नाव ठळक दिसणारा रिपोर्टचा फोटो ‘जरा तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवा’ म्हणून पाच जणांच्या मोबाइलमध्ये जातो. नावाच्या जागी बोट ठेवून फोटो काढला तरी डॉक्टरला वय, लिंग आणि आकडे पुरतात.

२०२० आठवून पाहा. बाधितांच्या नावांच्या याद्या ग्रुपवर फिरत होत्या, दारांवर फलक लागत होते. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याने खास आदेश दिल्याशिवाय असे फलक लावू नयेत. तोवर अनेकांनी एक धडा घेतला होता: ताप आला तरी तपासणीला जायचे नाही.

खासगीपणा गेला की लोक आजार लपवतात, आणि लपवलेला आजार वाढतो. क्षयरोगाचे पाहा. २०१२ पासून क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. ही नोंद आरोग्य यंत्रणेसाठी असते, शेजाऱ्यांसाठी नव्हे. पण वसाहतीतल्या बाईला भीती वाटते की औषध घ्यायला केंद्रावर गेले तर कुणी तरी पाहील, मुलीच्या सोयरिकीत अडथळा येईल. मग ती दूरच्या गावी औषध घेते, भाडे परवडेनासे झाले की बंद करते. साधा क्षयरोग सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो, आणि योग्य उपचार सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांकडून होणारा प्रसार काही आठवड्यांत खूप कमी होतो. अर्धवट सोडलेले औषध जंतूला पक्के करते आणि घरातल्यांपर्यंत पोचवते.

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. तपासणीनंतर वाहकाला पिवळे कार्ड मिळते, रुग्णाला लाल. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. म्हणजे लग्नाआधी ही माहिती एकमेकांना द्यायलाच हवी. पण ती देणारे त्या कार्डाचे धनी असले पाहिजेत. पिवळ्या कार्डवाला आजारी नसतो, तो नेहमीसारखे आयुष्य जगतो. कार्डाचा रंग गावभर आधीच झाला, तर पुढच्या घरची पोरे तपासणीलाच येत नाहीत.

गडचिरोलीतच यावरची एक वाट सापडलेली आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात निष्कर्ष आले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा आजार होता, आणि त्याआधी कधी तरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. जगाला तो आकडा कळला, ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याकडे पाहण्याची नजर बदलली. त्या ६५० जणींपैकी कुणाला काय होते, हे आजही कुणाला ठाऊक नाही.

आपल्याकडे गुपिताचा एक उलटा प्रकारही चालतो. निदान मामाला, मेहुण्याला, शेजारच्या काकांना माहीत असते, आणि रुग्णालाच नसते. ‘डॉक्टरसाहेब, बाबांना सांगू नका, खचून जातील.’ हेतू चांगला असतो. पण बाबा खाटेवरून सगळ्यांचे चेहरे वाचत असतात. आजार कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही हे ठरवायचा हक्क ज्याचा, त्यालाच सगळ्यांत शेवटी कळते. विचारले तर बरेच रुग्ण सांगतात, ‘मुलाला सांगा, भावाला नको.’ त्यांना विचारायची तसदी कमी वेळा घेतली जाते एवढेच.

नागपूरला आठवडाभर राहून एखादा ऑपरेटर वसाहतीत परततो. अंगावरचा शर्ट सैल झालेला असतो. क्वार्टरच्या फाटकाशी पोचेपर्यंत चौघे विचारतात, काय झालं होतं? तो म्हणतो, ‘काही नाही, वयाचं आहे, तपासण्या चालू आहेत. काळजीचं कारण नाही.’ विचारणाऱ्यांपैकी एक जण मान डोलावतो, त्याच्या हातातली पिशवी घेतो आणि दारापर्यंत सोबत जातो.