दगडातलं तेल (लेखांक ८) : एका पापुद्र्याचा हिशेब

हेन्री बाकन हे अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातले, टायोगा गावाजवळचे शेतकरी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या जमिनीत तेलाची विहीर खोदली गेली आणि त्या विहिरीत भेटलेल्या खडकाला १९५३ साली त्यांचंच नाव मिळालं. गंमत अशी, की हा ‘बाकन’ खडक जमिनीवर कुठेच उघडा पडलेला नाही. वरंध घाट चढताना बेसाल्टचे थर डोळ्यांनी मोजता येतात, तशी सोय इथे नाही. खडक सुमारे तीन किलोमीटर खाली. त्याची प्रत्यक्ष ओळख व्हायची ती विहिरीतून कापून वर आणलेल्या, साधारण दहा सेंटिमीटर व्यासाच्या दगडी कांड्यांमधूनच. पुस्तकात त्यांना ‘गाभा’ म्हणतात, कामावरची माणसं ‘कोअर’ म्हणतात.

मागच्या लेखांकात आपण आडव्या विहिरी पाहिल्या. आज त्या ज्या दगडातून जातात, त्याच्या अंगाकडे जरा जवळून बघू.

बाकनचे मुख्य भाग तीन. वर आणि खाली काळाकुट्ट शेल, मध्ये पिठासारखा बारीक गाळ, थोडी वाळू आणि डोलोमाइट यांचा राखाडी थर. सगळं मिळून जाडी, जिथे सर्वांत जास्त आहे तिथेही, पंचेचाळीस मीटरच्या आसपास. शेलमध्ये वजनाने दहा टक्क्यांच्या घरात सेंद्रिय द्रव्य आहे. तेल शिजलं तिथे आणि दाबाने शिरलं मधल्या थरात. म्हणून विहीर बहुधा मधल्या थरातून नेतात. त्या थराची सरासरी पार्यता, म्हणजे दगडातून द्रव वाहू देण्याची क्षमता, ०.०४ मिलिडार्सी सांगितली जाते. हे एकक आलं हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याच्या नावावरून. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं, याचे त्याचे प्रयोग १८५६ साली प्रसिद्ध झाले. चांगल्या वालुकाश्मात ही पार्यता शेकडो मिलिडार्सी असते. बाकन त्याच्या हजारो पटींनी चिवट.

माझं भांडण त्या ०.०४शी आहे. आकडा चुकीचा नाही, पण तो ज्याचा आहे असा दगड बाकनमध्ये हात लावून दाखवता येईलच असं नाही. हा थर चिरोट्यासारखा आहे. फरक इतकाच, की चिरोट्याचे पापुद्रे एका पिठाचे असतात आणि इथे दर सेंटिमीटरला पीठ बदलतं.

एक हिशेब करू. एक-एक सेंटिमीटर जाडीचे दहा पापुद्रे एकावर एक ठेवा. नऊंची पार्यता १ मिलिडार्सी. दहावा कॅल्साइटने बुजलेला, ०.००१ मिलिडार्सीचा. तेल पापुद्र्यांच्या अंगाने आडवं वाहत असेल, तर दहावा कुणाचं काही बिघडवत नाही, कारण शेजारच्या नऊ वाटा मोकळ्याच आहेत. साधी सरासरी लागू पडते : ०.९. आता तेच तेल खालून वर जाऊ द्या. त्याला दहाही पापुद्रे ओलांडावे लागतात. प्रत्येकाचा अडथळा म्हणजे त्याची सेंटिमीटरमधली जाडी भागिले त्याची पार्यता. नऊ पापुद्र्यांचे मिळून ९, एकट्या दहाव्याचे १०००. दहाला १००९ने भागलं, की उत्तर येतं ०.०१च्याही किंचित खाली. दगड तोच, दिशा फिरवली तर नव्वद पट फरक! आणि हा घोटाळा केला एका सेंटिमीटरने.

हे पापुद्रे आले कुठून? सुमारे छत्तीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. पाणी चढलं-उतरलं, तसा कधी चिखल बसला, कधी वादळाने वाळूची पातळ चादर अंथरली. तळाशी किडे होते. गाळात अन्न शोधत ते आडवेतिडवे फिरले आणि काही थर त्यांनी असे कालवले, की मूळ रेघ ओळखू येत नाही. पुढे खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि एखाद्या पापुद्र्यातली भोकं कॅल्साइटने बुजली, शेजारच्याची राहिली. छत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या किड्याने कुठे तोंड खुपसलं, यावर आज तिथून तेल वर सरकेल की नाही, हे काही अंशी ठरतं. मला तरी या विषयातली ही सर्वांत लोभस गोष्ट वाटते.

नॉर्थ डकोटात ग्रँड फोर्क्सच्या विद्यापीठाच्या आवारात राज्य सरकारचं गाभ्यांचं ग्रंथालय आहे. पुस्तकांऐवजी खोक्यांत दगड. टेबलावर गाभा मांडला, की पहिली साधनं स्वस्तातली : भिंग, पाण्याचा फवारा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली. कॅल्साइटवर थेंब पडला की फसफसतो. डोलोमाइटवर सहसा दगडाचा भुगा केल्याशिवाय हालचाल दिसत नाही. मग अतिनील दिवा. अंधारात तेल धरलेले पापुद्रे पिवळट-पांढरे उजळतात आणि बुजलेले काळे राहतात. पार्यतेचा नकाशा असा डोळ्यांसमोर येतो, तोही एकही आकडा न मोजता. त्यानंतर दर काही सेंटिमीटरवर क्ष-किरणांचं हातातलं यंत्र टेकवून मूलद्रव्यं मोजायची आणि बारीक नळी दाबून वायू किती शिरतो ते बघायचं.

प्रयोगशाळेची नेहमीची रीत मात्र वेगळी. गाभ्यातून बोटाएवढ्या जाडीचे दंडगोल कापतात आणि त्यांची पार्यता मोजतात. अडचण अशी, की पापुद्र्यांचा ठिसूळ भाग कापतानाच फुटतो. हाती उरतो तो धडका दगड, आणि अहवालात साक्ष त्याचीच लागते. दुसरी रीत शेलसाठी : दगड कुटून भुग्यावर मोजमाप. त्यात फटींचा गोंधळ टळतो हे खरं, पण पापुद्रेही कुटले जातात. थरांचा प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी थरच मोडायचे, हे मला काही पटत नाही.

मोठी यंत्रं आपापल्या मापाने बघतात. विहिरीत सोडलेलं गॅमा किरणांचं यंत्र अर्ध्या मीटरच्या आसपासचं एकत्र करून सांगतं. आपला सेंटिमीटर त्यात विरघळून जातो. विहिरीच्या भिंतीचं विद्युत-चित्र घेणारं यंत्र पाच मिलिमीटरपर्यंत उतरतं. दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. टेक्सासमधल्या बार्नेट शेलचा पृष्ठभाग आर्गॉन आयनांच्या झोताने गुळगुळीत केला, तेव्हा २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कामात सेंद्रिय द्रव्याच्या आत ५ ते ७५० नॅनोमीटरची भोकं दिसली. वायू कुठे बसतो, या प्रश्नाला त्याने नवं उत्तर दिलं. पण अशा तपासणीत दहा मायक्रोमीटर बाजूचा ठोकळा घेतला, तर एका घन सेंटिमीटर दगडात तसे शंभर कोटी ठोकळे मावतात. एकावरून बाकीच्यांचं बोलायचं, तर तो कुठल्या पापुद्र्यातला, हे आधी माहीत हवं. ते सांगतं भिंग.

फ्रॅकिंगच्या वेळीही पापुद्रे आडवे येतात. पाण्याच्या दाबाने निघालेली फट कठीण थरातून मऊ थरात जाताना थबकते, कधी बाजूला सरकून पुढे जाते. टेक्सासच्या रेगन काउंटीत वुल्फकँप खडकात फ्रॅकिंग झाल्यावर त्या फुटलेल्या दगडातूनच तिरकी विहीर खोदून सुमारे १८० मीटर गाभा काढला गेला. संगणकी प्रतिमानांत सुटसुटीत एकेक फट काढतात. गाभ्यात मिळाले एकमेकींना चिकटून गेलेल्या फटींचे झुबके.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २००८ साली बाकनमधून काढता येण्याजोगं, अजून न सापडलेलं तेल ३६५ कोटी पिंपं धरलं होतं. २०१३ साली खालचा थ्री फोर्क्स थर धरून आकडा ७४० कोटींवर गेला. तरीही जागेवर असलेल्या एकूण तेलाचा हा लहानसा वाटा आहे. बहुतेक तेल पापुद्र्यांमध्येच राहतं. आपल्या मुंबई हायच्या चुनखडकातही शेलचे पातळ थर आहेत. पण तिथे दगड विरघळून पोकळ्या झाल्या आहेत, त्यामुळे तेलाला वाट सापडते.

पुढच्या आठवड्यात फ्रॅकिंगचं पाणी : येतं कुठून, जातं कुठे. तोवर वरचं गणित एकदा कागदावर करून पाहा. नऊ पापुद्रे तसेच ठेवा आणि बुजलेला पापुद्रा सेंटिमीटरऐवजी फक्त एक मिलिमीटरचा घ्या. खालून वर जाणाऱ्या तेलासाठी उत्तर ०.०८च्या आसपास यायला हवं.