करंट आणि एक किलोची पट्टी

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य घेतलं. जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत त्याचा गुडघा दुखावला. एसीएल हे लिगामेंट आणि मेनिस्कस ही कूर्चा, दोन्हींना इजा.

असं लिगामेंट सर्जन जोडून देतो, पण मांडी वाळायची थांबत नाही. गुडघा सुजलेला असेपर्यंत पुढच्या स्नायूला मेंदूचा हुकूम पुरता पोचतच नाही. पेशंट दात खाऊन जोर लावतो आणि मांडी ढिम्म!

इथे फिजिओथेरपिस्टच्या टेबलावरचा स्टिम्युलेटर कामाला येतो. ‘शेक आणि करंट घेऊन आलो,’ यातला करंट तो हाच. यंत्र साधं: फॅरॅडिक-गॅल्व्हॅनिकचं बटण, वाढवायचा नॉब, दोन वायरी, काळे रबरी पॅड. जेल लावून पॅड मांडीवर पट्ट्याने आवळतात. नॉब फिरवला की आधी मुंग्या येतात, मग स्नायू आपसूक आवळतो आणि गुडघ्याची वाटी वर सरकते. आता गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, घोट्याला अर्ध्या-एक किलोची वाळूची पट्टी. करंट आला की पाय सरळ करायचा, गेला की सोडायचा.

नुसता करंट घेत पडून राहणारे पुष्कळ. पण विजेला खोली नसते. पॅडखालचे वरवरचे तंतू ती पुन्हापुन्हा जुंपते आणि ते लवकर दमतात. स्वतः जोर लावला की इतर तंतूही कामाला लागतात. म्हणून दोन्ही एकदम. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीच्या काळात नुसत्या व्यायामापेक्षा या जोडीने मांडीत ताकद जास्त येते, हे अभ्यासांतही दिसलं आहे.

1970 च्या दशकात सोव्हिएत संशोधक याकोव्ह कोत्स यांनी धडधाकट खेळाडूंवर नुसत्या करंटचा प्रयोग केला: दहा सेकंद करंट, पन्नास सेकंद विश्रांती, असं दहा वेळा. ताकदवाढीचे त्यांचे मोठे आकडे पुढे इतरांना तसे मिळाले नाहीत. आज शहरांत करंटचे सूट घालून वीस मिनिटांत व्यायाम उरकतात. नवख्याने पहिल्याच दिवशी करंट जोरात लावला तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. पेसमेकरवाल्याने तर लांबच राहावं. पाय ठणठणीत असलेल्या पैलवानाला माझ्या मते बैठकाच बऱ्या.

खरी अडचण ऊसतोड मजुराची. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला गडी दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर निघाला की करंट तुटतो. निदान वाळूची पट्टी तरी सोबत नेता येते. जुन्या पँटच्या पायात किलोभर वाळू शिवली की झाली.