रिकामे धनुष्य
— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

आमच्या घरी रिकाम्या वस्तूंबद्दल बरेच नियम आहेत. रिकामा पाळणा हलवू नये. रिकामी कात्री वाजवू नये, घरात भांडण होते. आई असे काही सांगू लागली की मला हसू येते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे अशा गोष्टींना हसण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे मला वाटत असावे. परंतु गेल्या वर्षापासून रिकाम्या वस्तूचा एक नियम मी स्वतःच सर्वांना सांगत सुटले आहे. तो असा, की रिकामे धनुष्य ओढून सोडू नये. हा नियम शिकण्यासाठी आमच्या घराला एका दुभत्या म्हशीची किंमत मोजावी लागली. म्हणूनच हा लेख.

आमचा जिल्हा साताऱ्याचा. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत आमच्याच जिल्ह्यातील अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली आणि नागपूरचा ओजस देवतळे त्याच प्रकारात पुरुषांत पहिला आला. त्यानंतर गावोगावच्या मुलामुलींना धनुष्याचे वेड लागले. त्या वेड्यांपैकी मी एक. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा घेण्याचेही ठरले आहे, तेव्हा हे वेड वाढणारच. नवे कंपाउंड धनुष्य मात्र आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नसते. मग जुन्याचा शोध सुरू होतो आणि घोळ होतो तो तेथेच.

आधी हे धनुष्य म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. चित्रातल्या रामाच्या हातातील धनुष्य म्हणजे एक वाकवलेली काठी आणि एक दोरी. कंपाउंडचे तसे नसते. मधे धातूचा दांडा असतो. त्याच्या वर आणि खाली काचतंतू व राळ यांच्या आखूड, कडक पात्या बसवलेल्या असतात. खेळाडू त्यांना ‘लिंब’ म्हणतात. कडुलिंबाशी त्यांचा काही संबंध नाही! पात्यांच्या टोकांना कॅम नावाची वेडीवाकडी चाके असतात आणि त्यांवरून दोऱ्या फिरतात. या चाकांची करामत अशी, की दोरी ओढताना मधे पूर्ण जोर लागतो, पण शेवटी हातावरचा भार एकदम कमी होतो. साठ पौंडांचे, म्हणजे सुमारे सत्तावीस किलो ओढीचे धनुष्य पूर्ण ताणल्यावर पंधरा-वीस पौंडांवर धरून ठेवता येते. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या हॉलेस विल्बर ॲलन या गृहस्थांनी 1966 साली या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 साली त्यांना ते मिळाले.

ॲलन यांना हे धनुष्य हवे होते ते शिकारीसाठी. आजही अमेरिकेत कंपाउंडचा मोठा खप शिकाऱ्यांतच आहे. तिकडे शरद ऋतूत धनुष्याने हरणांची शिकार करण्याचा ठरावीक, परवान्याचा मोसम असतो. दरवर्षी नवी मॉडेले निघतात आणि हौशी शिकारी जुनी विकून टाकतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे तिकडचे असे जुने धनुष्य एखाद्या नातेवाइकाबरोबर इकडे आले, तर ते नेमबाजीच्या सरावासाठी विकले जाते. शिकारी धनुष्य स्पर्धेच्या धनुष्यापेक्षा आखूड असते, कारण ते झाडीतून न्यायचे असते. ते पुष्कळदा सत्तर पौंडांपर्यंतचे असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मात्र साठ पौंडांपर्यंतच परवानगी आहे. पण ही तफावत निदान मोजता तरी येते. खरा धोका मोजता येत नाही. तो म्हणजे, हे धनुष्य पूर्वी कधी रिकामे सुटले होते काय?

रिकामे सुटणे म्हणजे दोरीवर बाण नसताना ती पूर्ण ओढून सोडणे. ‘बाणच नाही, मग कोणाला काय लागणार?’ असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. पण जरा आठवून पाहा. चेंडू फेकायचा म्हणून आपण जिवाच्या कराराने हात फिरवला आणि ऐन वेळी हातात चेंडूच नाही, तर काय होते? खांद्यातून कळ निघते. चेंडू आपल्या हाताचा जोर बरोबर घेऊन जातो; चेंडू नसला की तो जोर खांद्यातच राहतो. धनुष्याचे अगदी तसेच आहे.

साठ पौंडांचे कंपाउंड पूर्ण ओढले की त्याच्या पात्यांत साधारणपणे शंभर ज्यूल ऊर्जा साठते. हा आकडा आम्हा कला शाखेच्या मंडळींसाठी सोपा करायचा, तर दहा किलोचे धान्याचे पोते मीटरभर उंचीवरून पायावर पडावे तेवढी! बाण सुटतो तेव्हा या ऊर्जेचा चार हिश्शांपैकी तीन हिस्से किंवा त्याहून अधिक भाग तो वीस-पंचवीस ग्रॅमचा बाण घेऊन जातो. उरलेला भाग आवाजात आणि थरथरीत संपतो. बाण नसला की हे सगळे पोते धनुष्याच्याच पायावर पडते. पात्या नको तितक्या वेगाने सरळ होतात, धक्का चाकांच्या आसांवर बसतो, दोरी चाकावरून उडते, आस वाकतो, पातीचे थर सुटतात. कधी सारे धनुष्य जागच्या जागी मोडते. आणि कधी काहीच होत नाही. निदान तसे दिसते. पातीच्या आत केसासारखी चीर पडते आणि पुढच्या प्रत्येक ओढीबरोबर ती थोडी थोडी वाढत जाते. मोडून पडलेले धनुष्य कोणी विकत घेत नाही. म्हणून ‘काहीच झाले नाही’ हा प्रकार जास्त वाईट.

(पुराणातील वीर रणांगणावर धनुष्याचा टणत्कार करीत, त्यांची धनुष्ये कशी टिकली, असे एका मैत्रिणीने विचारले. मला वाटते, दोरी थोडीशी छेडून आवाज करणे वेगळे आणि आकर्ण ओढून रिकामी सोडणे वेगळे.)

धनुष्य रिकामे सुटते ते बहुधा कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. पाहुण्यांचा मुलगा कौतुकाने ओढतो आणि सोडतो. आपल्या हाताला लांबी जुळते का हे पाहण्यासाठी कोणी बाण न लावताच ओढतो आणि बोट चुकून चापावर पडते. बाणाच्या मागची खाच चिरलेली असते किंवा दोरीवर नीट बसलेली नसते. मग बाण जागीच राहतो आणि दोरी एकटी जाते. फार हलका बाण वापरला तरी तो पुरेशी ऊर्जा घेऊ शकत नाही, आणि धनुष्याला अर्धेमुर्धे रिकामे सुटल्यासारखेच होते. ओढीच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे वजन किमान पाच ग्रेन असावे असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे साठ पौंडांना तीनशे ग्रेन, सुमारे साडेएकोणीस ग्रॅम.

आता माझी हकीकत. गेल्या वर्षी एका गृहस्थांकडे परदेशातून आलेले पन्नास ते साठ पौंडांचे शिकारी कंपाउंड पंचावन्न हजारांना मिळत असल्याचे कळले. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन म्हशींपैकी एक विकली. धनुष्य चकचकीत होते, दोरी तर कोरी करकरीत. ती पाहून मला फार आनंद झाला. ‘जुन्या धनुष्याला नवी दोरी का?’ हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी, पूर्ण ओढलेल्या अवस्थेत, कानाजवळ फांदी मोडावी तसा आवाज झाला. वरची पाती उभी चिरली, दोरी उडाली, बाण पायाशी पडला आणि माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत वळ उठला. डोळा वाचला हे नशीब. सरांनी पाती उन्हात धरून दाखवली. चिरेचा थोडा भाग पांढरा स्वच्छ होता. तो त्या दिवशीचा. उरलेल्या भागात मळ बसून तो काळा पडला होता. तो कितीतरी आधीचा. चाकाचा आसही किंचित वाकलेला निघाला. जनकाच्या घरचे शिवधनुष्यही पूर्वजांकडून आलेले, म्हणजे जुनेच होते, आणि तेही ओढतानाच मोडले. पण ते मोडल्यावर रामाला सीता मिळाली. मला वळ मिळाला!

त्या गृहस्थांना विचारले, तेव्हा ते सहज म्हणाले, “हो, एकदा मित्राच्या मुलाने रिकामेच ओढून सोडले होते. दोरी निघाली, ती नवी बसवली. बाकी काही झाले नाही.” ते खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांना खरोखरच तसे वाटत होते.

जुने धनुष्य घेणाऱ्यांनी काय पाहावे, ते सरांकडून शिकले तसे लिहिते. पात्यांच्या कडांवरून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकला तर तेथे चीर आहे असे समजावे. उघडे बोट फिरवू नये, काचेची कुसळे घुसतात. पात्यांची टोके आणि आसाजवळचा भाग तिरप्या उजेडात पाहावा. चाके एका बाजूला कलली आहेत का, त्यांच्या खाचेच्या कडा ठेचलेल्या आहेत का, हे तपासावे. दोरीचे तंतू आणि त्यावरचा गुंडाळलेला धागा पाहावा, आणि दोरी नवी असेल तर ती का बदलली हे स्पष्ट विचारावे. मधल्या दांड्यावर रंगाला तडे गेले आहेत का ते पाहावे. जाणकाराने दाबयंत्रात घालून तपासल्याशिवाय धनुष्य ओढूच नये. पहिली ओढ योग्य वजनाचा बाण लावून, लक्ष्याकडे तोंड करूनच घ्यावी. त्या मॉडेलच्या पात्या अजून मिळतात का हेही विचारावे. जुन्या मॉडेलच्या मिळत नाहीत आणि मग साऱ्या धनुष्याचीच अडगळ होते. कंपनीची हमी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते, आणि रिकामे सोडल्याने झालेले नुकसान तीत सहसा बसत नाही.

एवढे सारे पाहूनही आतली चीर नजरेतून सुटू शकते. म्हणून शेवटी एकच तपासणी उरते, ती म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. धनुष्य मोडल्याचे कळल्यावर आण्णा रागावले नाहीत. थोड्या वेळाने ते एवढेच म्हणाले, “म्हस इकताना मी त्या माणसाला सांगितलं हुतं, हिच्या एका सडाला दूध कमी येतंय. दोन हजार कमी घेतलं. त्यानं इचारलं नव्हतं.”

आण्णा चौथीपर्यंत शिकले आहेत. वस्तू देताना तिची हकीकतही द्यावी लागते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही.

सध्या मी सरावाला कॉलेजचे धनुष्य वापरते. ते कोणी बाण न लावता हातात घेतले की मी ओरडते. मुले हसतात, पण त्यांनी हसावे. मात्र कोणाच्या हातून ते चुकून रिकामे सुटलेच, तर ‘काही झाले नाही’ म्हणून ते खुंटीला अडकवू नये. सरांना सांगावे. रागावतील ते क्षणभर. पण दुसऱ्या दिवशी ते धनुष्य ओढणाऱ्याचा डोळा वाचेल.