समजून घ्या : प्रदर्शनासाठी शिल्प किती मोठे करावे?

उंची दुप्पट, वजन आठपट! मातीला हात लावण्याआधी दार, गाडी आणि पाहणाऱ्याचे अंतर मोजा

रिसोडहून विद्यार्थी कला प्रदर्शनाला चित्र पाठवायचे तर ते गुंडाळून एसटीने नेता येते. शिल्पाचे तसे नाही. रिसोडला रेल्वे नाही. वाशीमपर्यंतचा प्रवास रस्त्यानेच होतो. त्यामुळे तालुक्याच्या गावातून शिल्प पाठवणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ‘किती मोठे?’ हा पहिला प्रश्न ठरतो. तो चुकला तर महिन्याभराची मेहनत वाटेतच तडकू शकते.

आठपट कसे?

उंची दुप्पट केली की रुंदी आणि जाडीही दुप्पट होते. म्हणजे २ × २ × २ = ८. समजा, १ फुटाची भरीव मातीची आकृती ६ किलोची आहे. तीच २ फुटांची केली तर ४८ किलो आणि ३ फुटांची केली तर १६२ किलो होईल. म्हणूनच मोठ्या कामाला आतून लोखंडी सळई व तारेचा सांगाडा लागतो. नंतर साचा काढून प्लास्टर किंवा फायबरमध्ये पोकळ ओतकाम केले की वजन कमी होते. पण खर्च वाढतो.

माती आक्रसते, हे विसरू नका

सुकताना आणि भट्टीत भाजताना माती लहान होते. मातीच्या प्रकारानुसार हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जाते. २० इंचांचे टेराकोटा हवे असेल तर घडवताना सुमारे २२ इंच धरावे लागतात. आपल्याकडची काळी माती तर सुकताना जास्तच भेगाळते. त्यामुळे आधी छोटा तुकडा सुकवून पाहावा.

मोठे म्हणजे चांगले?

तसे नाही. मोहेंजोदडोची प्रसिद्ध कांस्य नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला कांस्यरथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. दोन्ही जवळून पाहायच्या वस्तू आहेत आणि तिथेच त्यांची ताकद आहे.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच. १८९६ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. कला शाळेत घडलेल्या तरुण गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ हे प्लास्टरचे शिल्प जवळपास मानवी आकारात केले. देवळाकडे निघालेली स्त्री आपल्याएवढीच असल्याने पाहणाऱ्याला ती समोरून चालत आल्यासारखी वाटते. तिथे आकार विषयानेच मागितला होता.

आकार ठरवताना काय मोजाल?

• नियम : प्रवेशपत्रिकेत कमाल उंची व वजन दिले आहे का, त्यात चौथरा धरला आहे का, हे आधी वाचा.
• दार : घराचे, शाळेचे, दालनाचे. यातले सर्वांत अरुंद दार तुमची कमाल रुंदी ठरवते.
• उचलणे : दोघांना सहज उचलता येईल एवढेच वजन ठेवा. त्याहून मोठे काम सुटे होणाऱ्या भागांत करा.
• अंतर : शिल्प एका नजरेत मावायला साधारण उंचीच्या दुप्पट अंतर लागते. ६ फुटांच्या कामासमोर १२ फूट मोकळी जागा हवी.
• नजर : लहान मुखशिल्प जमिनीवर हरवते. चौथऱ्यावर डोळ्यांच्या पातळीला आले की तेच मोठे भासते.

सोपी चाचणी

आधी अर्ध्या फुटाचा नमुना करा. मग जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून पूर्ण आकाराची बाह्यरेषा कापून शाळेच्या खोलीत उभी करा. दोन-तीन उंचींचे पुठ्ठे शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. पुठ्ठा कापून लहान करता येतो. पण सांगाड्यावर चढलेली माती उतरवून पुन्हा सुरुवात करायला प्रदर्शनाच्या तोंडावर वेळ नसतो.